दोन डोळे, दोन चित्रे : त्रिमितिदर्शी उपनेत्रांचा आढावा

मनुष्याच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटरांचे अंतर असते. या अंतरामुळे समोरच्या एकाच वस्तूची दोन किंचित भिन्न चित्रे दोन दृष्टिपटलांवर उमटतात, आणि त्या भिन्नतेचा हिशेब मेंदू इतक्या सहजपणे उरकतो की, आपण दोन चित्रे पाहत आहो याची जाणीवही आपणांस होत नाही. जाणवते ती केवळ वस्तूची खोली. हाच हिशेब कृत्रिम रीतीने घडवून आणावयाचा, म्हणजे सपाट पृष्ठभागावरील दोन चित्रे दोन डोळ्यांना निरनिराळी पोचवून मेंदूला तेथे नसलेल्या खोलीचा प्रत्यय द्यावयाचा, हा ज्या उपनेत्रांचा उद्योग, त्यांचे प्रकार आज लाल-निळ्या कागदी चष्म्यापासून साडेतीन हजार डॉलर किमतीच्या शिरोधार्य यंत्रापर्यंत पसरलेले आहेत. वरवर पाहता ही यंत्रे परस्परांशी संबंध नसलेली वाटतात. परंतु त्यांची कार्यपद्धती तपासली म्हणजे असे आढळून येते की, डाव्या डोळ्याचे चित्र उजव्या डोळ्यापासून कसे लपवावयाचे, या एकाच प्रश्नाला दिलेली ही वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि प्रत्येक उत्तरासाठी प्रेक्षकाला कोठे ना कोठे काही मोबदला द्यावा लागला आहे. ही उत्तरे क्रमाने पाहून, त्यांविषयी मतभेद कोठे आहेत आणि कोणती बाब अद्याप अनिर्णीत आहे, याचा तपशील मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका

दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या चित्रांतील भेद हाच खोलीच्या ज्ञानाचा एक स्वतंत्र आधार आहे, हे प्रयोगाने दाखवून देण्याचे श्रेय इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन याच्याकडे जाते. १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे सादर केलेल्या निबंधात त्याने ‘स्टिरिओस्कोप’ नावाच्या ज्या उपकरणाचे वर्णन केले, त्यात प्रेक्षकाच्या नाकासमोर दोन आरसे काटकोनात उभे केलेले असून डाव्या व उजव्या हातास एकेक रेखाचित्र ठेवलेले असे. प्रत्येक आरसा आपल्या बाजूचे चित्र आपल्याच बाजूच्या डोळ्याकडे वळवी, आणि दोन सपाट रेखाकृतींच्या जागी एक घन आकृती पुढे उभी राही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, छायाचित्रणाची कला त्या वेळी लोकांपुढे आलेलीही नव्हती. म्हणून व्हीटस्टनला आपली चित्रे हाताने आखावी लागली, आणि त्यामुळेच छायाप्रकाशादी इतर खुणांचे साहाय्य न घेता, केवळ रेषांच्या भेदातून खोली उत्पन्न होते हे त्याला निःसंदिग्धपणे दाखविता आले.

पुढे डेव्हिड ब्रूस्टर याने १८४९ साली आरशांच्या जागी भिंगे बसवून उपकरण आटोपशीर केले; १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर ते युरोपातील घराघरांत शिरले; आणि १८६१ च्या सुमारास अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स याने हातात धरावयाचा जो स्वस्त नमुना तयार केला, त्याचा एकाधिकार त्याने बुद्ध्याच न घेतल्यामुळे तो सरसकट सर्वांच्या हाती गेला. हिंदुस्थानातील घाट, देवालये आणि बाजार यांची जोडछायाचित्रे विकणाऱ्या अमेरिकन कंपन्या त्यानंतरच्या अर्धशतकात भरभराटीस आल्या. १९३९ साली बाजारात आलेले, चकती फिरवून चित्रे पाहण्याचे व्ह्यू-मास्टर हे मुलांचे खेळणे याच कुळातले होय.

शास्त्रीय दृष्ट्या या प्रकरणाचा महत्त्वाचा पुढील टप्पा १९६० सालचा. बेला युलेश याने संगणकाच्या साहाय्याने यदृच्छेने विखुरलेल्या ठिपक्यांची दोन चित्रे तयार केली. एकट्या डोळ्याने पाहिल्यास दोहोंतही कोणताच आकार दिसत नसे. मात्र दोन्ही चित्रे दोन डोळ्यांना एकाच वेळी दाखविली म्हणजे ठिपक्यांच्या त्या अरण्यातून एक चौकोन पुढे येई. वस्तू ओळखण्यापूर्वीच मेंदू खोली ओळखू शकतो, हे यावरून सिद्ध झाले.

समाईक पडदा आणि निवड करणारा चष्मा

स्टिरिओस्कोप एका वेळी एकाच माणसाच्या उपयोगी पडतो. अनेकांना एकाच पडद्यावर दोन चित्रे दाखवावयाची, तर ती एकमेकांवर पडणारच, आणि त्यांतील आपापले चित्र वेगळे काढण्याचे काम प्रेक्षकाच्या चष्म्यावर सोपवावे लागणार. ही निवड रंगाने, ध्रुवणाने अथवा काळाने करता येते, आणि त्या अनुरोधाने या चष्म्यांचे तीन प्रमुख वर्ग पडतात.

रंगाची युक्ती सर्वांत जुनी. जर्मनीत व्हिल्हेल्म रोलमान याने १८५३ साली ती मांडली आणि फ्रान्समध्ये लुई दुको द्यु ओरों याने १८९१ साली तिला छपाईत आणले. एक चित्र तांबडे, दुसरे निळे-हिरवे. चष्म्याची तांबडी काच तांबड्या रेषा पांढऱ्या कागदात विरघळवून टाकते आणि निळ्या रेषा काळ्या करून दाखविते, दुसरी काच याच्या उलट करते. खर्च जवळजवळ नाही, यंत्रसामग्री लागत नाही, वर्तमानपत्राच्या पानावरही काम भागते. परंतु रंगाचाच उपयोग विभागणीसाठी झाल्यामुळे चित्राच्या नैसर्गिक रंगांवर पाणी सोडावे लागते, आणि दोन डोळ्यांना सतत भिन्न रंग दिसत राहिल्याने डोळे लवकर शिणतात.

दुसरा वर्ग ध्रुवित प्रकाशाचा. प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा मनुष्याच्या डोळ्यास ओळखू येत नाही. म्हणून दोन चित्रे परस्परांशी काटकोनात कंप पावणाऱ्या प्रकाशात दाखविली, तर रंगांना धक्का न लावता त्यांची विभागणी होऊ शकते. एडविन लँड याने तयार केलेल्या ध्रुवणपटलांमुळे हे व्यवहार्य झाले. १९५२ साली ‘ब्वाना डेव्हिल’ या चित्रपटामुळे अमेरिकेत त्रिमिती चित्रपटांची जी लाट उसळली, ती लाल-निळ्या चष्म्यांवर आरूढ झालेली होती अशी एक समजूत आहे; वस्तुतः त्या काळचे बहुतेक मोठे चित्रपट करड्या ध्रुवण-चष्म्यांतून आणि दोन प्रक्षेपकांच्या साहाय्याने दाखविले गेले. हे दोन प्रक्षेपक एका चौकटीनेही मागे-पुढे झाले की प्रेक्षकांची डोकी दुखू लागत, आणि दोन-तीन वर्षांत ती लाट ओसरण्याच्या कारणांत ही अव्यवस्था प्रामुख्याने गणली जाते. आपल्याकडे १९८४ सालचा मल्याळम चित्रपट ‘माय डियर कुट्टिचातन’, जो पुढे हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून आला, तो या पद्धतीचा आरंभ. मराठीत ‘झपाटलेला २’ हा त्रिमिती चित्रपट २०१३ साली प्रदर्शित झाला.

रेषीय ध्रुवणात एक उघड अडचण आहे : प्रेक्षकाने मान कलती केली की पटलांची दिशा बिघडून एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात झिरपू लागते. यावर वर्तुळाकार ध्रुवणाचा तोडगा निघाला, आणि २००५ पासून रिअलडी या पद्धतीने तो चित्रपटगृहांत रूढ केला. तीत एकच प्रक्षेपक सेकंदास १४४ चित्रे फेकतो, आणि त्याच्या पुढ्यात बसविलेली विद्युत्-नियंत्रित काच प्रकाशाचे ध्रुवण प्रत्येक चित्रागणिक डाव्या-उजव्या वळणाचे करते. या दोन जातींतील भेद चष्मा घालून आरशासमोर उभे राहिल्यास कोणासही पडताळून पाहता येतो. एक डोळा मिटावा. चष्मा रेषीय असेल तर आरशात आपला उघडा डोळा दिसतो आणि मिटलेल्या डोळ्यापुढील काच काळी पडते. चष्मा वर्तुळाकार ध्रुवणाचा असेल तर याच्या नेमके उलट होऊन उघड्या डोळ्यापुढील काच काळी होते आणि मिटलेला डोळा स्पष्ट दिसतो, कारण परावर्तनात वळणाची दिशा उलटते आणि स्वतःच्याच काचेतून बाहेर पडलेला प्रकाश त्याच काचेतून आत येऊ शकत नाही. दोन्ही जातींना पडदा मात्र चंदेरीच लागतो, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटलेला प्रकाश आपले ध्रुवण गमावून बसतो. शिवाय प्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग पटलांतच शोषला गेल्याने चित्र काळवंडते. चंदेरी पडद्याचा खर्च टाळण्यासाठी डॉल्बीने स्वीकारलेल्या पद्धतीत तांबडा, हिरवा व निळा हे तिन्ही रंग वर्णपटातील दोन शेजारशेजारच्या पट्ट्यांत विभागून प्रत्येक डोळ्यास त्यांतील एकेक संच देतात. येथे पडदा साधा चालतो, पण चष्मा महाग पडतो, आणि म्हणून तो खेळानंतर परत गोळा करून धुवावा लागतो.

तिसरा वर्ग कालविभागणीचा. लॉरेन्स हॅमंड याने डिसेंबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात प्रत्येक आसनाला फिरत्या झडपेचे उपकरण जोडून डाव्या-उजव्या डोळ्यांपुढे आळीपाळीने चित्रे दाखविली. यंत्र उत्तम चालले, परंतु आसनागणिक एक यंत्र बसविण्याचा खर्च कोणासही परवडण्याजोगा नव्हता. द्रवस्फटिकांच्या झडपा निघाल्यावर मात्र हीच कल्पना हलक्या चष्म्यात मावली : पडदा सेकंदास १२० चित्रे दाखवितो, अवरक्त किरणांच्या इशाऱ्यावर दोन्ही काचा आळीपाळीने अपारदर्शक होतात, आणि प्रत्येक डोळ्याच्या वाट्यास ६० चित्रे येतात. पडद्याची पूर्ण सूक्ष्मता प्रत्येक डोळ्यास मिळते, हा या पद्धतीचा मोठा गुण. चष्म्यात विद्युत्-घट हवा आणि पडद्यावरील मागील चित्र वेळेवर विझले पाहिजे, ही तिची अडचण. २००९ अखेरच्या ‘अवतार’ चित्रपटानंतर घरगुती दूरदर्शन-संचांत हा चष्मा व ध्रुवणाचा चष्मा यांची काही वर्षे स्पर्धा झाली. परंतु घरी बसून चष्मा चढविण्यास लोक राजी झाले नाहीत, आणि २०१७ पावेतो बहुतेक मोठ्या उत्पादकांनी असे संच काढणे बंद केले.

चित्रापासून आभासी वास्तवाकडे

येथवर वर्णिलेल्या साधनांनी खोली दिसते, पण प्रेक्षकाने मान वळविली तरी चित्र आपल्या जागेवरून हलत नाही. आभासी वास्तव या संज्ञेस पात्र होण्यासाठी यंत्राला प्रेक्षकाचे डोके क्षणोक्षणी कोठे आहे हे कळले पाहिजे आणि त्यानुसार दोन्ही डोळ्यांची चित्रे नव्याने आखली गेली पाहिजेत. हे समाईक पडद्यावरही साधते, याचा दाखला म्हणजे शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नायरा, डॅनियल सँडिन व टॉमस डिफँटी यांनी सिद्ध करून १९९२ साली जाहीरपणे दाखविलेली ‘केव्ह’ नावाची खोली. तिच्या भिंती हेच पडदे, प्रेक्षकाच्या डोळ्यांवर झडपांचा चष्मा, आणि चष्म्यावर स्थाननिदर्शक. माणूस आपले हातपाय आणि शेजारचा सहकारी पाहू शकतो, ही या पद्धतीची जमेची बाजू. मात्र खोली बांधण्याचा खर्च मोठा, आणि दृश्य बरोबर दिसते ते ज्याच्या चष्म्यावर स्थाननिदर्शक आहे त्या एकट्यालाच.

मस्तकावर चढविलेला पडदा

दुसरा मार्ग असा की, समाईक पडदाच काढून टाकून प्रत्येक डोळ्यापुढे स्वतंत्र पडदा बसवावा; हाच हेडसेट. आयव्हन सदरलँड याने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या यंत्रात डोक्याच्या दोन बाजूंस दोन लहान किरण-नलिका होत्या आणि डोक्याची हालचाल मोजण्यासाठी छतापासून लोंबणारा एक यांत्रिक दांडा होता. दिसे ते केवळ रेषांनी आखलेले चौकट-चित्र, परंतु डोके हलविले की त्याची बाजू बदले. १९८० नंतरच्या दशकात नासाच्या एम्स केंद्रात आणि जॅरन लॅनियर याच्या व्हीपीएल कंपनीत या दिशेने काम झाले. १९९५ साली निंटेंडोने काढलेल्या ‘व्हर्च्युअल बॉय’मध्ये तांबड्या दिव्यांची एक उभी रांग आणि डोलणारा आरसा यांतून चित्र उभे केले जाई, त्याला डोक्याची हालचाल कळत नसे, आणि ते अल्पावधीतच बंद पडले. खरा बदल झाला तो भ्रमणध्वनीसाठी निर्माण झालेले लहान, स्वस्त व तेजस्वी पडदे आणि हालचाल टिपणारी सूक्ष्म संवेदके हाती आल्यावर : २०१२ साली ऑक्युलस कंपनीच्या हेडसेटची घोषणा झाली, २०१४ साली फेसबुकने ती कंपनी घेतली, आणि त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगे व आपलाच फोन एवढ्यावर काम भागविणारे ‘कार्डबोर्ड’ पुढे आणले.

या सर्व यंत्रांचे प्रकाशशास्त्र एकच आहे. डोळ्यापासून चार-पाच सेंटिमीटरांवरचा पडदा डोळ्याला स्पष्ट दिसू शकत नाही. म्हणून त्याच्यापुढे बहिर्गोल भिंग बसवून पडदा भिंगाच्या नाभीय अंतराच्या किंचित आत ठेवतात, म्हणजे त्याची मोठी झालेली आभासी प्रतिमा एक-दोन मीटर किंवा त्याहून दूर पडते. भिंगामुळे चित्राच्या कडा बाहेर ताणल्या जातात, म्हणून संगणक मूळ चित्र आधीच पिंपासारखे फुगवून पाठवितो, आणि दोन दोषांची वजाबाकी होऊन सरळ रेषा सरळ दिसते. जाड भिंगाचे वजन टाळण्यासाठी पुष्कळ काळ फ्रेनेल भिंगे वापरली गेली. त्यांवरील वर्तुळाकार खाचांमुळे काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांभोवती प्रकाशाच्या रेघा उठत. अलीकडच्या यंत्रांत, उदाहरणार्थ २०२३ च्या क्वेस्ट ३ मध्ये, ‘पॅनकेक’ भिंगे असतात. त्यांत ध्रुवणाच्या साहाय्याने प्रकाश अर्ध-आरसा व परावर्तक पटल यांमध्ये पुढे-मागे फिरविला जातो, त्यामुळे लांब मार्ग थोड्या जागेत मावतो आणि यंत्र चपटे होते. परंतु अर्ध-आरशाशी दोनदा गाठ पडल्याने प्रकाशाचा फार तर चतुर्थांश भाग डोळ्यापर्यंत पोचतो, आणि पडदा तितका अधिक तेजस्वी करावा लागतो.

चित्राचा काळही तितकाच महत्त्वाचा. डोके हलणे आणि त्यानुसार बदललेला प्रकाश डोळ्यात शिरणे यांत सुमारे २० सहस्रांश सेकंदांहून अधिक विलंब लागला तर दृश्य डुलते असे वाटू लागते. आणि प्रत्येक चित्र पुढील चित्र येईपर्यंत पेटलेलेच राहिले तर मान वळविताना ते पुसट होते, म्हणून पडदा प्रत्येक चित्रासाठी क्षणमात्र उजळून उरलेला वेळ काळा ठेवतात. स्थान ओळखण्याचे काम प्रथम खोलीत ठेवलेल्या बाहेरच्या साधनांकडे असे. आता यंत्रावरील कॅमेरे सभोवार पाहून ते करतात. पुठ्ठ्याच्या यंत्राला फक्त मानेचे वळणे कळते, वाकणे वा पुढे सरणे कळत नाही, आणि त्यात होणाऱ्या मळमळीचे एक प्रमुख कारण हेच.

आरपार पाहण्याच्या दोन रीती

डोळे संपूर्ण झाकावेत की बाहेरचे जग दिसू द्यावे, याविषयी दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते काच पारदर्शक असावी आणि तिच्यावर आभासी चित्र चढवावे. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्समध्ये सूक्ष्म प्रक्षेपकाचा प्रकाश काचेच्या पोटातून अंतर्गत परावर्तनाने नेऊन ठरावीक जागी डोळ्याकडे सोडलेला असतो. जग जसेच्या तसे दिसते आणि यंत्र बंद पडले तरी माणूस आंधळा होत नाही, हा या पक्षाचा मुख्य मुद्दा. दुसरा पक्ष म्हणतो की, पारदर्शक काचेवर प्रकाशाची भर घालता येते, पण काळा रंग रंगविता येत नाही. म्हणून भरदिवसा ही चित्रे फिकी, भुतासारखी दिसतात, आणि त्यांचे दृष्टिक्षेत्रही अरुंद राहते. त्याऐवजी डोळे झाकून बाहेरचे जग कॅमेऱ्यांतून पडद्यावर आणावे, म्हणजे खरे व खोटे दोन्ही सारख्याच अधिकाराने दाखविता येतात. २०२४ साली विक्रीस आलेले ॲपलचे व्हिजन प्रो याच पक्षात मोडते. यावर पहिल्या पक्षाचे प्रत्युत्तर असे की, कॅमेऱ्यातून आलेले जग कितीही सुधारले तरी ते उशिराने आलेले आणि सूक्ष्मतेत उणे असणार. दोन्ही म्हणणी वस्तुस्थितीला धरून आहेत. त्यांचा निवाडा कामाच्या स्वरूपावरून वेगवेगळा होईल.

शिल्लक प्रश्न

सर्वांत गहन प्रश्न डोळ्याच्या समायोजनाचा आहे. नैसर्गिक स्थितीत जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच प्रमाणात डोळ्यातील भिंगही फुगते. या दोन क्रिया जन्मभर एकमेकींशी जोडलेल्या असतात. हेडसेटमध्ये मात्र आभासी फूल हाताच्या अंतरावर असले तर डोळे त्या अंतरासाठी वळतात, पण प्रकाश प्रत्यक्षात भिंगाने ठरविलेल्या एकाच अंतरावरून येत असल्याने नेत्रभिंगाला तेथेच स्थिरावे लागते. या ओढाताणीने डोळे शिणतात आणि दृश्य एकरूप करण्यास अधिक वेळ लागतो, हे मार्टिन बँक्स व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसून आले. चित्रपटगृहात पडदा दूर असल्यामुळे ही तफावत बहुधा सुसह्य राहते. हाताजवळच्या आभासी वस्तूंच्या बाबतीत ती उघडी पडते.

उपायांविषयी तीन मते आहेत. पहिले व्यवहारी : वस्तू अर्ध्या मीटरच्या आत फार वेळ ठेवूच नयेत आणि दृश्यरचनेनेच प्रश्न टाळावा. दुसरे मत यांत्रिक : नजर कोठे आहे हे ओळखून पडदा अथवा भिंग हलवावे आणि प्रतिमेचे अंतर बदलावे. फेसबुकच्या संशोधकांनी २०१८ साली असा नमुना दाखविला. परंतु नजर ओळखण्यातील लहानशी चूकही दृश्य अस्पष्ट करते. तिसरे मत मूलगामी : प्रकाशकिरणांची दिशादेखील पुन्हा निर्माण करावी, म्हणजे डोळा आपोआप हवे तेथे स्थिरावेल. प्रकाशक्षेत्र व होलोग्राम या पद्धती तेच करू पाहतात, पण त्यासाठी चित्राची सूक्ष्मता खर्ची घालावी लागते किंवा गणनेचा भार असह्य होतो. सामान्य ग्राहकांच्या यंत्रांत तूर्त पहिल्या मताचाच अंमल आहे.

इतर बाबीही मिटलेल्या नाहीत. निरोगी डोळ्यास एका अंशात सुमारे ६० बिंदू ओळखता येतात. क्वेस्ट ३ सारखे यंत्र २५ च्या आसपास देते, आणि दृष्टिक्षेत्र वाढवावे तर तेच बिंदू अधिक विरळ होतात. बाहुल्यांमधील अंतर माणसागणिक बदलते. भिंगांचे अंतर पुरेसे जुळत नसेल तर त्रास वाढतो, आणि स्त्रियांना होणाऱ्या अधिक त्रासाचे एक मोठे कारण हेच असल्याचे २०२० सालच्या एका अभ्यासात मांडले गेले. लहान मुलांच्या वाढत्या दृष्टीवर दीर्घ वापराचा काय परिणाम होतो याविषयी निर्णायक पुरावा नाही. उत्पादकांनी घातलेली वयोमर्यादाही स्थिर नसून एका मोठ्या कंपनीने ती २०२३ साली १३ वरून १० वर आणली. शिवाय ज्यांना जन्मतः वा तिरळेपणामुळे दोन डोळ्यांच्या भेदातून खोली दिसतच नाही, अशांना यांपैकी कोणताही चष्मा ती देऊ शकत नाही. डोके हलविल्याने जवळच्या व दूरच्या वस्तू वेगवेगळ्या वेगाने सरकतात, त्या खुणेवरच त्यांना विसंबावे लागते, आणि म्हणून चित्रपटापेक्षा हेडसेट त्यांच्या अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे.

समारोप

या दीर्घ हिशेबाची बेरीज अशी मांडता येईल. दोन चित्रे विलग ठेवण्याचा व्हीटस्टनचा प्रश्न हेडसेटने जवळजवळ पूर्णपणे सोडविला आहे. प्रत्येक डोळ्यासमोर आपलाच पडदा असल्याने चित्रे एकमेकांत झिरपण्याचा मार्ग उरलेला नाही. परंतु पडदा डोळ्याच्या इतक्या निकट आणल्यानेच, आजवर गौण असलेला समायोजनाचा प्रश्न अग्रभागी आला आहे. यावरून जुने प्रकार कालबाह्य झाले असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. शेकडो लोकांनी एकत्र पाहावयाच्या चित्रपटास आजही ध्रुवणाचा स्वस्त चष्माच सोयीचा, छापील पानास लाल-निळा, अनेक तज्ज्ञांनी एकत्र बसून एकाच प्रतिरूपाची चर्चा करावयाची असेल तेथे केव्हसारखी खोली, आणि एकट्याने दृश्यात पूर्णपणे शिरावयाचे असेल तेथे हेडसेट. यापुढील सुधारणांचा दर्जा ठरविताना पडद्यावरील बिंदूंची संख्या मोजण्यापेक्षा, हातातील वस्तूकडे अर्धा तास पाहिल्यावर डोळा थकतो की नाही, ही कसोटी अधिक उपयोगाची ठरेल. कारण आभासी जगात वाचणे, शिवणे वा शस्त्रक्रियेचा सराव करणे ही सर्व कामे हाताच्या अंतरावरच व्हावयाची आहेत.